वायफायचा पासवर्ड घरातच असतो

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात मोबाइल मदत गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)

 

मोदक स्पर्धेचा निकाल आणि रात्रीची आरती यांच्या मधला वेळ आम्हाला मिळाला आहे. विषय आहे घरच्या वायफायचा विसरलेला पासवर्ड फोनवरून परत कसा मिळवायचा. एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला, असं आम्हाला कार्यकारिणीतच विचारलं गेलं. पण आपल्याकडे सध्या घरोघरी गणपती आहेत. दर्शनाला आलेली मुलं हातावर प्रसाद पडायच्या आधी विचारतात, "काका, वायफायचा पासवर्ड काय आहे?" आणि काका काकूंकडे बघतात, काकू मुलाकडे बघतात, आणि मुलगा असतो पुण्याला. हे दृश्य दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आम्ही इतक्या घरांत पाहिलं आहे की एकदा सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं असं वाटलं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी लवकर जायचं आहे त्यांचं नुकसान नको. पासवर्ड तुम्ही विसरलात. तुमचा फोन विसरलेला नाही. घरात पाऊल टाकल्यावर जो फोन आपोआप वायफायला जोडला जातो, त्याच्या पोटात तो पासवर्ड अक्षरन् अक्षर आहे. नाहीतर तो जोडला कसा गेला असता? तेव्हा शोधायची जागा म्हणजे चालू असलेला फोन. तुमचा नसेल तर सुनेचा, नातवाचा, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचासुद्धा, जर तुम्ही त्यांना कधी वायफाय दिलं असेल तर.

म्हणूनच शोध सुरू करण्याआधी काय दाबायचं नाही ते ऐका. फोनमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवलं की 'फर्गेट' असा एक पर्याय येतो. अनेकांना वाटतं, एकदा फर्गेट करून पुन्हा जोडलं की सगळं ठीक होईल. जोडलं जाईल, पण पासवर्ड विचारून. ज्या फोनमध्ये तो जपून ठेवलेला होता तिथूनच तुम्ही तो पुसून टाकलात. 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' म्हणून आणखी एक पर्याय असतो, तो तर सगळीच जपलेली वायफाय एकदम पुसतो. घरात तो एकच फोन शिल्लक असेल तर या दोन्हींपासून लांब राहा.

आता अँड्रॉइड फोन. अँड्रॉइडची १० नंबरची आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हापासून ही सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्ज उघडा. 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'इंटरनेट' किंवा नुसतं 'वायफाय' असेल. सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स'खाली वायफाय असतं, शाओमी-रेडमीमध्ये सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर. जोडलेल्या नावाशेजारी दाती चाकाचं चिन्ह असतं, त्यावर किंवा थेट नावावर बोट ठेवा. तिथे 'शेअर' किंवा 'क्यूआर कोड' दिसेल. ते दाबलं की फोन तुमचं बोट किंवा पिन मागतो. मागू दे. तुमचा फोन उचलून दुसऱ्या कुणी पासवर्ड वाचू नये म्हणूनच ते कुलूप आहे. मग पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र येतं आणि बऱ्याच फोनांत त्याच्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड लिहिलेला असतो. इतकं बारीक की आमच्या टेबलावर येणारे निम्मे लोक ते बघतच नाहीत आणि म्हणतात, "चित्र आलं, पासवर्ड कुठाय?" चष्मा लावा.

काही कंपन्यांच्या फोनांत मात्र खरोखरच नुसतं चित्र येतं, खाली अक्षरं नसतात. घाबरू नका. पासवर्ड त्या चित्रातच आहे. हा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. आज भाजीवाल्याच्या गाडीवर लटकतो तोच हा. वायफायच्या चित्रात नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड अशा तीन गोष्टी साध्या अक्षरांत भरलेल्या असतात, कसल्याही गुप्त लिपीत नाहीत. त्यामुळे त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल फोटोजमध्ये उघडून लेन्सचं चिन्ह दाबा. लेन्स चित्र वाचून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दाखवतं, पासवर्ड कॉपीही करता येतो. स्क्रीनशॉट निघत नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने ते चित्र टिपा. तो दुसरा फोन वायफायला जोडला जाईल, आणि त्याच्यात अक्षरं दाखवायची सोय असेल तर तिथून वाचून घ्या. क्यूआर कोड वाचून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर मात्र हे चित्र चढवू नका. तुमच्या घराची किल्ली छाप घ्यायला कुणाच्या हातात देण्यासारखं आहे ते.

तीच गोष्ट व्हॉट्सॲपची. हे चित्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. आम्ही हे मनाचं सांगत नाही, असा ग्रुप आम्ही पाहिला आहे. नंतर त्या घरातली मंडळी तक्रार करत होती की संध्याकाळी सिरियल अडकत अडकत दिसते.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे. २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून सेटिंग्ज, वायफाय आणि नावाशेजारच्या गोल 'आय' अक्षरावर बोट ठेवलं की 'पासवर्ड' अशी ओळ दिसते. आधी नुसते ठिपके असतात. त्यावर बोट ठेवा, चेहरा किंवा बोट दाखवा, अक्षरं उघडतात. आयओएस १८ पासून 'पासवर्ड्स' नावाचं वेगळं ॲपच आलं आहे, त्यातही वायफायचा कप्पा आहे. आणि वायफायच्या त्याच पानावर वर 'एडिट' दाबलं की फोन आजवर ज्या ज्या वायफायला जोडला गेला त्या सगळ्यांची यादी येते, आत्ता तिथे असा वा नसा. ही शेवटची सोय फार थोड्यांना माहीत असते. तिची एक गोष्ट, त्या घरच्या काकूंची परवानगी घेऊन सांगतो.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी काकू आमच्या टेबलावर आल्या. मुलगा टोरांटोला, त्याने आईसाठी टॅब पाठवला होता, रोज बोलता यावं म्हणून. टॅब वायफायचा पासवर्ड मागत होता. घरातलं असलं सगळं काका बघायचे. काकूंचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. काकांचा फोन कपाटात होता, पण त्याच्यावर बोटाने काढायची नक्षी होती आणि ती फक्त त्यांनाच ठाऊक. टीव्ही वायफायला जोडलेला होता, पण टीव्ही पासवर्ड दाखवत नव्हता. राउटरच्या बुडाला छापलेला पासवर्ड चालेना, कारण काकांनी तो बदललेला. इंटरनेट कंपनीच्या ॲपमधून नवा पासवर्ड टाकता आला असता, पण त्यासाठीचा ओटीपी काकांच्या नंबरवर जाणार, आणि तो नंबर रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला. म्हणजे बघा, घरात इंटरनेट चालू आहे, बिल दर महिन्याला भरलं जातंय, आणि घरच्याच माणसाला आत यायला वाट नाही.

आम्ही मुलाला फोन लावला. मागच्या दिवाळीत तो आला होता तेव्हा काकांनीच त्याच्या आयफोनमध्ये पासवर्ड टाकून दिला होता, त्याला तो कधी कळलाच नव्हता. त्याला म्हटलं, सेटिंग्ज, वायफाय, वर 'एडिट'. त्याने यादीत घरचं नाव शोधलं. बडोद्याच्या घराचा पासवर्ड टोरांटोत सापडला. काय होता ते इथे सांगत नाही, कारण तो अजून चालू आहे. त्याने एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि विचारलं, "आई, हा शब्द काय आहे गं?" काकूंनी त्याला सांगितलं नाही. टॅबवर त्यांनी तो स्वतः टाइप केला, पहिल्याच फटक्यात बरोबर. नियमाने अशा वेळी पासवर्ड बदलायला सांगतात. आम्ही सांगितलं नाही.

पुढे जाऊ. काही लोक म्हणतात, आमचा पासवर्ड आम्हाला पाठ आहे, तरी चालत नाही. इथे आम्हाला आपल्या घरांतल्या पासवर्डांबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण हा आमच्या अनुभवाचा खास प्रांत झाला आहे. आपल्याकडे पासवर्ड म्हणजे देवाचं नाव नाहीतर नातवाचं नाव, आणि पुढे जन्माचं किंवा लग्नाचं वर्ष. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. शब्द कुणी विसरत नाही, स्पेलिंग विसरतं. 'मोरया'त 'आर'नंतर 'ए' आहे की सरळ 'वाय'? 'गणपती'त 'एन'नंतर 'ए' घातला होता का? शेवटी 'आय' की 'डबल ई'? 'श्री' आम्ही तीन तऱ्हांनी पाहिलं आहे: शेवटी 'आय' लावून, शेवटी 'डबल ई' लावून, आणि मधला 'एच' गाळून. हे सगळे प्रकार एकाच घरात राहतात.

बडोद्यात यात एक भर पडते. आपण 'ज्ञानेश्वर' लिहिताना 'डी-एन-वाय' लिहितो. इथल्या गुजराती माध्यमात शिकलेला मुलगा 'ज्ञ' साठी 'जी-एन' लिहितो, कारण गुजरातीत 'ज्ञ'चा उच्चार आणि इंग्रजीतली लिहायची रीत तीच. हिंदी भागातून आलेली सून 'जी-वाय' लिहिते. एका घरात आजोबा 'यज्ञ' शब्दाचा पासवर्ड आठवडाभर आपल्या पद्धतीने टाकत होते. पासवर्ड ठेवला होता मुलाने. 'डी'च्या जागी 'जी' टाकून पुढचा 'वाय' काढला तसं दार उघडलं. आजोबा म्हणाले, "तीन पिढ्या बडोद्यात काढल्या त्याचा हा हिशेब." तेव्हा पासवर्ड चालत नसेल तर आधी विचारा, तो ठेवला कुणी आणि ती व्यक्ती शिकली कुठे.

आणखी काही बारीक गोष्टी. लहान-मोठ्या लिपीचा फरक पडतो, आणि फोन पुष्कळदा पहिलं अक्षर आपल्याच मनाने मोठं करतो. कळफलक मराठी किंवा गुजराती असेल तर '१९' उमटतं देवनागरीत किंवा गुजरातीत, आणि ते इंग्रजी अंकांसारखं चालत नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा चिकटून येते, ती पुसायची. घरच्या वायफायचा पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा असावा लागतो, तेव्हा आठवलेला शब्द ६ अक्षरांचा निघाला तर पुढे काहीतरी आहे हे नक्की. टाइप करताना शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं ते दाबा, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतील. आणि बँकेसारखं तीनदा चुकलं की खातं बंद, असं इथे सहसा होत नाही. निवांत प्रयत्न करा.

एक प्रश्न जुन्या वाड्यांचा. रावपुऱ्याकडच्या, दांडिया बाजारातल्या घरांच्या भिंती अशा जाड की पुढच्या खोलीतलं वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही. मग मागे दुसरं यंत्र लावलेलं असतं. त्याचं नाव वेगळं, कधी पासवर्डही वेगळा. शिवाय एकाच राउटरची '२.४' आणि '५' अशी दोन नावं दिसतात. तेव्हा फोनमध्ये सापडलेला पासवर्ड नेमका कुठल्या नावाचा आहे ते शेजारी लिहून घ्या. नाहीतर पासवर्ड बरोबर आणि दार भलतंच, असं होतं.

समजा घरात जोडलेला एकही फोन नाही. मग राउटर उलटा करा. बुडाला कागद चिकटवलेला असतो, त्यावर नेटवर्कचं नाव आणि 'पासवर्ड' किंवा 'की' छापलेली असते. कधीच कुणी बदलली नसेल तर तीच चालते. वाकून वाचत बसू नका, फोनने फोटो काढा आणि मोठा करून बघा. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांच्यात गोंधळ होतो. तेही नाही जमलं तर घरातला लॅपटॉप बघा. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर वायफायच्या सेटिंगमध्ये पासवर्ड दाखवायची सोय आहे. आणि लॅपटॉप राउटरला तारेने जोडता आला तर पासवर्डाशिवाय आत जाता येतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता टाकला की बहुतेक राउटरांचं पान उघडतं. (स्मरणिकेत मराठी अंक छापले आहेत, टाइप करताना इंग्रजी घ्या.) हे आकडे चालले नाहीत तर लॅपटॉपच्या नेटवर्कच्या माहितीत 'गेटवे' म्हणून जो पत्ता असेल तो टाका. त्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, वायफायचा नव्हे. तोही पुष्कळदा त्याच कागदावर छापलेला सापडतो. तिथे वायफायच्या सेटिंगमध्ये जुना पासवर्ड बघता येतो किंवा नवा ठेवता येतो.

राहिलं ते बारीक भोक. राउटरच्या मागे 'रिसेट' लिहिलेलं, ज्यात टाचणी घालून दाबतात. शेजारचा हुशार मुलगा पहिल्यांदा तेच सुचवतो. नुसतं बटण बंद करून चालू करणं वेगळं, त्याने काही पुसलं जात नाही. टाचणीचा रिसेट मात्र राउटरला कारखान्यातून आला त्या दिवशीसारखा करतो. छापलेला पासवर्ड परत चालू होतो हे खरं, पण काही जोडण्यांमध्ये इंटरनेट कंपनीने आत भरलेलं खात्याचं नाव आणि गुप्त शब्दही त्याबरोबर जातो. मग वायफाय जोडलं जातं आणि इंटरनेट येत नाही. कंपनीचा माणूस येऊन पुन्हा भरेपर्यंत घर बंद. सणाच्या दिवसांत तो कधी येईल हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून टाचणी सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी कंपनीला फोन करून विचारून.

वायफायचा पासवर्ड फोडून देतो असं सांगणारी ॲप्स पुष्कळ आहेत. एकही घेऊ नका. तुमच्या फोनमध्ये जपलेला पासवर्ड बघायला फोनचीच सोय पुरते, आणि दुसऱ्याचा बघायचा तुम्हाला हक्क नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये बसणारं प्रकरण आहे. असली ॲप्स जाहिराती दाखवतात, संपर्क आणि फोटो मागतात. कंपनीतून बोलतोय, पासवर्ड परत मिळवून देतो, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आता सापडलेल्या पासवर्डाचं काय करायचं? कागदावर लिहा. हो, कागदावर. आमच्या वयाची मुलं हे ऐकून हसतात, पण जरा विचार करा. तुमच्या वायफायचा पासवर्ड चोरायला अमेरिकेतला हॅकर तुमचं कपाट उघडायला येत नाही. घराच्या वेराची पावती, लाइटबिल, गॅसचं पुस्तक ज्या फाइलमध्ये आहे तिच्यातच एक कागद ठेवा. त्यावर नेटवर्कचं नाव, पासवर्ड, राउटरच्या पानाचा पासवर्ड, इंटरनेटचं खातं कुणाच्या नावावर आणि कुठल्या मोबाइल नंबरवर नोंदलं आहे, एवढं हवं. पासवर्ड मोठ्या अक्षरांत, एकेका अक्षरात अंतर ठेवून, शून्यावर तिरकी रेघ मारून. बँकेचा पिन या कागदावर नको, त्याची जागा वेगळी. आणि फाइल कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत असू दे. नोंदलेला मोबाइल नंबर परगावच्या मुलाचा असेल तर या आठवड्यात कंपनीला सांगून इथल्या माणसाचा करून घ्या. काकूंची गोष्ट पासवर्डाइतकीच त्या नंबरावर अडली होती.

पाहुण्यांसाठी बऱ्याच राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' असतं. वेगळं नाव, वेगळा सोपा पासवर्ड. त्याचा क्यूआर कोड छापून मखराच्या बाजूला लावा, मुलं आपली जोडून घेतील. गणपती दीड दिवसाचा असो की दहा, विसर्जनाच्या रात्री ते गेस्ट नेटवर्क बंद करायचं. मुख्य पासवर्ड त्यात कुणाला द्यावाच लागत नाही.

प्रश्नोत्तरं

"माझा जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला. पासवर्ड त्यातच होता. गेला का?"

जुन्या फोनचा बॅकअप गूगल खात्यावर चालू असेल आणि नवा फोन सुरू करताना तुम्ही तो परत घेतला असेल तर वायफायचे पासवर्डही बरोबर आलेले असतात. नवा फोन घरी आपोआप जोडला जातो का बघा. जोडला जात असेल तर मघाशी सांगितलं तसं 'शेअर' दाबा. यापुढे फोन देण्याआधी मात्र पासवर्ड उतरवून घ्या.

"फोन पासवर्ड दाखवतो, पण तो टाकला की टीव्ही घेत नाही."

दोन शक्यता. एक, नंतर कुणीतरी पासवर्ड बदलला आणि फोन जुनाच दाखवतोय. फोन आत्ता खरोखर वायफायवर आहे का बघा, मोबाइल डेटा बंद करून. दुसरं, जुन्या टीव्हींना आणि पुष्कळशा कॅमेऱ्यांना फक्त '२.४'चं वायफाय दिसतं. फोनवर 'सेव्ह' झालेलं नाव '५'चं असेल आणि दोन्हींचे पासवर्ड वेगळे असतील तर हा घोळ होतो.

"कामवाल्या मावशींच्या मुलाला अभ्यासाला वायफाय देतो. पासवर्ड द्यावा का?"

अभ्यासाला जरूर द्या. गेस्ट नेटवर्कमधून द्या, म्हणजे घरातला कॅमेरा, प्रिंटर वगैरे त्याच्यापासून वेगळे राहतात.

"पुढच्या महिन्यात नवीन कंपनीचं इंटरनेट घेतोय. टीव्ही, कॅमेरा, दोन फोन, टॅब, सगळं पुन्हा जोडावं लागणार का?"

नाही. जोडणी करायला माणूस येईल तेव्हा त्याला सांगा, नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. नावातलं लहान-मोठं अक्षर आणि मधली मोकळी जागासुद्धा तशीच. मग घरातल्या बहुतेक वस्तूंना राउटर बदलला हे कळतही नाही, त्या आपोआप जोडल्या जातात. तो माणूस येण्याआधी जुनं नाव आणि पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा, कारण तो आला की जुना राउटर तारेसकट काढून बाजूला ठेवतो. आमचं टेबल आरतीनंतर बाहेर पडवीत आहे. येताना फोन चार्ज करून आणा.